खाडीचा चिखल आणि थंडीतले पाहुणे



आपल्या गावात एखादा मुलगा मळके कपडे घालून घरी आला की त्याला विचारतात, "काय रे, खाडीत लोळून आलास काय?" म्हणजे खाडीचा चिखल म्हटला की घाण, असे आपण धरूनच चाललो आहोत. पण दर वर्षी हजारो किलोमीटर उडून पक्षी येतात ते याच चिखलासाठी. ते आपल्याला बघायला येत नाहीत. ते चिखलात जेवायला येतात. आपले गाव रायगड जिल्ह्यात, धरमतरच्या खाडीच्या बाजूला आहे, म्हणून हे पाहुणे आपल्या दारात येतात. ते कोण, कधी येतात, का येतात आणि त्यांना कसे बघायचे हे मी या लेखात सांगणार आहे. काही माहिती गुरुजींनी सांगितली, काही मागच्या फेब्रुवारीत आमची सहल ऐरोलीला गेली तेव्हा मिळाली, आणि काही आमच्या आजी-आजोबांनी सांगितली.

पक्षी का येतात?

पुष्कळ जणांना वाटते की पक्ष्यांना थंडी वाजते म्हणून ते पळून येतात. पण पक्ष्यांच्या अंगावर पिसे असतात आणि पिसे फार उबदार असतात. खरे कारण पोटाचे आहे. लडाख, तिबेट, सैबेरिया या भागांत हिवाळ्यात बर्फ पडते. तळी गोठतात. जमीन दगडासारखी कडक होते. चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्याने मग खायचे काय? म्हणून तो दक्षिणेकडे निघतो. आपल्या खाडीचा चिखल कधी गोठत नाही. बारा महिने मऊच.

मग उन्हाळ्यात ते परत का जातात, इथेच का राहत नाहीत? कारण उन्हाळ्यात तिकडे बर्फ वितळते, दिवस खूप मोठा असतो आणि किडे भरपूर होतात. पिल्लांना भरवायला ते बरे पडते. म्हणून बहुतेक पाहुणे अंडी तिकडेच घालतात. थोडक्यात, त्यांचा पाळणा तिकडे आणि थंडीतले ताट इकडे.

छोटा चिखल्या नावाचा एक पक्षी आहे. तो साळुंकीपेक्षा लहान असतो. तो लडाख-तिबेटकडे अंडी घालतो आणि आपल्या किनाऱ्यावर थंडी काढतो. एवढासा जीव, पण हिमालय ओलांडून येतो. गुरुजींनी आम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली. पाणटिवळा म्हणून लांब चोचीचा पक्षी असतो. त्याच्या जातभाईंपैकी एक पक्षी २०२२ साली अलास्काहून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटापर्यंत न थांबता उडत गेला. १३,५६० किलोमीटर! त्याला ११ दिवस लागले. वाटेत खाणे नाही, पाणी नाही, झोपायला झाड नाही, खाली सगळा समुद्र. त्याच्या अंगावर लहानसे यंत्र लावले होते म्हणून हे कळले. आणि तो पक्षी फक्त पाच महिन्यांचा होता. आपल्याकडे पाच महिन्यांच्या बाळाला धड बसतासुद्धा येत नाही.

चिखलात असते तरी काय?

ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. लांबून बघितले तर नुसता काळा, सपाट दिसतो. पण उघाडीजवळ उकिडवे बसून जरा वेळ बघा. बारीक भोके दिसतील. भोकांतून लहान खेकडे डोकावतात. निवटे टुणटुण उड्या मारतात. आत गांडुळासारखे किडे असतात, बारीक शंख-शिंपले असतात. वर शेवाळाचा पातळ थर असतो. हे सगळे पक्ष्यांचे जेवण.

आता गंमत बघा. एकाच चिखलावर शेकडो पक्षी जेवतात, तरी त्यांची फारशी भांडणे होत नाहीत. कारण प्रत्येकाची चोच वेगळी असते.

चिखल्याची चोच आखूड असते. तो चिखलावरचे उचलतो. जरा धावतो, थांबतो, टिपतो, परत धावतो.

टिलव्याची चोच मध्यम असते. तो चोच बोटभर आत घालतो. लाल पायांचा टिलवा आपल्याकडे दिसतो. तो फार सावध असतो. माणूस दिसला की ओरडून सगळ्यांना उठवतो.

पाणटिवळ्याची चोच लांब आणि जवळजवळ सरळ असते. तो पाण्यात उभा राहून खालच्या चिखलात खुपसतो.

कुरल हा सर्वांत मोठा. त्याची चोच विळ्यासारखी खाली वाकलेली असते. ती इतकी लांब असते की खोल बिळातला खेकडासुद्धा त्याला ओढून काढता येतो.

शेकाट्याचे पाय लांब, लाल आणि काटकीसारखे बारीक असतात, म्हणून तो जास्त पाण्यात उभा राहू शकतो. चमच्या नावाच्या पक्ष्याची चोच तर पुढे चपटी, आमटीच्या डावासारखी असते. तो ती पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो आणि मधे सापडेल ते पकडतो.

म्हणजे एकच ताट, पण प्रत्येकाचा घास वेगळा. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत एवढी शिस्त नसते.

ऐरोलीचे रोहित

ठाण्याच्या खाडीत ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या मधे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. त्याचे नाव ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. सरकारने ते २०१५ साली जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे. २०२२ साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली. साऱ्या जगाच्या दृष्टीने ज्या पाणथळ जागा महत्त्वाच्या आहेत त्यांची ही यादी आहे. ऐरोलीला खाडीकाठी माहिती देणारे केंद्र आहे. तिथून होडीत बसून पक्षी बघायला नेतात. होडीची वेळ रोज बदलते, कारण ती भरतीवर अवलंबून असते. चिखलात होडी कशी चालणार?

रोहित पक्ष्याला अग्निपंख असेही म्हणतात. तो उभा असला तर पांढरट गुलाबी दिसतो. पण उडाला की पंखांचा लालभडक रंग दिसतो आणि हे नाव का पडले ते कळते. आमच्या होडीपासून थोड्या अंतरावर एक थवा उडाला तेव्हा होडीतली सगळी मुले एकदम गप्प झाली. आमचा वर्ग एरवी गुरुजींनी छडी आपटली तरी गप्प होत नाही.

आपल्याकडे रोहितांच्या दोन जाती येतात. मोठा रोहित साधारण सव्वाचार फूट उंच असतो. त्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते. लहान रोहित तीन फुटांच्या आतबाहेर असतो. त्याची चोच गडद लाल, जवळजवळ काळी दिसते. ठाण्याच्या खाडीत लहान रोहित जास्त असतात. २०१९ साली तिथे १ लाखाहून जास्त रोहित मोजले गेले होते.

रोहित जेवताना डोके उलटे करतो. वरची चोच खाली आणि खालची चोच वर. मग जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. त्याच्या चोचीत बारीक दातऱ्यांसारखी गाळणी असते. पाणी जाते, शेवाळ राहते. आई चहा गाळते तसेच. या शेवाळात एक रंगद्रव्य असते. त्यामुळेच रोहित गुलाबी होतो. त्याचे पिल्लू जन्मताना गुलाबी नसते, राखाडी असते. म्हणजे रोहित जे खातो तसा दिसतो.

रोहित सैबेरियाचे नाहीत. त्यांची घरटी गुजरातेत कच्छच्या रणात असतात. पावसाचे पाणी तिथे साठले की ते चिखलाचे लहान ढिगारे करतात आणि वर एकच अंडे घालतात. त्यांना घरट्यालासुद्धा चिखलच लागतो!

आणखी एक. रोहिताचा गुडघा उलटा वाकतो असे आपल्याला वाटते. पण तो गुडघा नाहीच. तो त्याचा घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. ही माहिती घरी सांगा, कोणी पटकन मानणार नाही.

भरतीचे गणित

खाडीवर पक्षी बघायचे तर नुसते लवकर उठून उपयोग नाही. आधी भरती-ओहोटी कळली पाहिजे. भरती दिवसरात्रीत दोनदा येते आणि दुसऱ्या दिवशी साधारण पाऊण तास उशिरा येते.

आमच्या आजोबांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी असे पाढे पाठ करून घेत. त्यांना पाऊणकी अजून येते. ते म्हणतात, "घड्याळ काय बघतेस, तिथी बघ. तिथीची पाऊणपट केलीस की भरतीची वेळ आली." दिनदर्शिकेवर तिथी छापलेली असते. तिच्यावरून असे गणित करायचे :

चतुर्थी : चार पाऊण तीन. पूर्ण भरती ३ वाजता, पूर्ण ओहोटी ९ वाजता.
अष्टमी : आठ पाऊण सहा. पूर्ण भरती ६ वाजता, पूर्ण ओहोटी १२ वाजता.
द्वादशी : बारा पाऊण नऊ. पूर्ण भरती ९ वाजता, पूर्ण ओहोटी ३ वाजता.

हे दिवसाला आणि रात्रीला दोन्हींना लागू आहे. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून एक, दोन असे मोजायचे. हे गणित अंदाजाचे आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय समुद्राचे पाणी खाडीत आत शिरायला वेळ लागतो, म्हणून आपल्याकडे भरती थोडी मागाहून येते.

आता पक्षी कधी बघायचे? पूर्ण ओहोटीला चिखल खूप लांबवर उघडा असतो आणि पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो. म्हणून सर्वांत चांगली वेळ मधली. ओहोटी संपून पाणी चढायला लागले की पाणी पुढे सरकते आणि त्याच्याबरोबर पक्षीसुद्धा आपल्याकडे सरकत येतात. आपण बांधावर गप्प बसून राहायचे, तेच जवळ येतात. अष्टमी असेल तर दुपारी दोननंतर बांधावर जावे.

आणि पूर्ण भरतीला पक्षी कुठे जातात? हे मला फार महत्त्वाचे वाटते. ते मिठागरांत, खाजणात, खारबंदिस्तीच्या मोकळ्या शेतांत एकत्र उभे राहतात. एक पाय पोटाशी घेतात, चोच पाठीच्या पिसांत खुपसतात आणि विश्रांती घेतात. म्हणजे त्यांना दोन जागा लागतात : जेवायला चिखल आणि बसायला कोरडी, निवांत जागा. दोन्हींपैकी एक गेली तरी पक्षी येत नाहीत. नुसते स्वयंपाकघर असून चालत नाही, ओटीसुद्धा लागते.

कोण कधी येते?

पावसाळ्यात आपल्याकडे बगळे, खंड्या, घार असे घरचेच पक्षी दिसतात. गणपतीच्या सुमारास चिखल्या, तुतवार असे पहिले पाहुणे यायला लागतात. नवरात्रात धोबी पक्षी शेपटी वरखाली हलवत बांधावर फिरतो. दिवाळीनंतर कुरव येतात. त्यांना सीगल असेही म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत सर्वांत जास्त पक्षी असतात. ठाण्याच्या खाडीत रोहित थंडीत येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात.

कुरवांमध्ये एकाचे नाव तपकिरी डोक्याचा कुरव. पण डिसेंबरात बघाल तर त्याचे डोके पांढरे! कानाजवळ फक्त एक काळा ठिपका. मग नाव चुकले का? नाही. होळीच्या सुमाराला त्याचे डोके खरोखर तपकिरी होऊ लागते. छोट्या चिखल्याची छाती नारिंगी होते. पाणटिवळ्याची मान तांबूस होते. घरी जाऊन घरटे करायचे असते, म्हणून ते नवे कपडे घालतात. त्याच वेळी ते खूप खातात आणि अंगात चरबी साठवतात. ती चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी.

बघताना काय पाळावे?

१) भडक कपडे घालू नयेत. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे पक्ष्याचा रंग नीट दिसतो.

२) धावू नये, ओरडू नये, दगड मारू नये, कुत्रे सोडू नये. पक्षी घाबरून उडाला की त्याची शिदोरी फुकट खर्च होते. चार वेळा उडवला तर चार वेळा खर्च होते. सगळ्या पक्ष्यांनी माना वर केल्या तर आपण फार जवळ आलो असे समजावे आणि तिथेच बसावे.

३) थवा मोजताना एक-एक मोजू नये. आधी दहा पक्षी मोजावे, ते केवढी जागा घेतात ते बघावे आणि तशा किती जागा आहेत ते मोजावे. दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ सालापासून चालू आहे. तिथेही मोठे थवे असेच अंदाजाने मोजतात.

४) पायात वाळा असलेला पक्षी मेलेला सापडला तर वाळ्यावरचा नंबर गुरुजींना सांगावा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था असे वाळे घालते. नंबरावरून पक्षी कुठून आला ते कळते. जिवंत पक्ष्याचा वाळा काढू नये.

५) वही ठेवावी. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, कोणता पक्षी, किती. पक्ष्याचे नाव येत नसेल तर चोच आणि पाय यांचे चित्र काढावे.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली सुगरण पक्ष्याची घरटी बघून अभ्यास केला. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. किहीमला बसून एवढे मोठे काम होते, तर आपल्या बांधावर बसूनही काहीतरी होईलच.

आपल्या खाडीचे काय?

आता शेवटचे, आणि हे मी मुद्दाम मोठ्या माणसांसाठी लिहीत आहे.

आमची आजी अजून चिंबोऱ्या आणि निवट्या पकडायला चिखलात जाते. ती म्हणते, "जिथे पक्षी उतरतो तिथे चिंबोरी मिळते. पक्षी उतरला नाही तर मी पण उतरत नाही." आधी मला वाटले, आजी गंमत करते. पण ते खरेच आहे. चिखलात किडे, शंख, खेकडे असले तर पक्षी येतात. तेच खाऊन मासे आणि चिंबोऱ्या मोठ्या होतात. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात. म्हणजे पक्षी आले याचा अर्थ चिखल जिवंत आहे. आणि चिखल जिवंत आहे तर आपल्या घरातले कालवण जिवंत आहे.

आपल्या खाडीच्या वळणावर गेल्या उन्हाळ्यात डबर आणि माती टाकलेली आहे. मागच्या वर्षी त्या जागी भरतीच्या वेळी कुरल उभे राहत. मी आणि आजोबांनी बघितले होते. या वर्षी आम्ही चार वेळा गेलो, एकही दिसला नाही. आजीसुद्धा आता त्या बाजूला जात नाही. बांधाखाली पिशव्या, बाटल्या आणि तुटलेल्या जाळ्या पडलेल्या आहेत. नायलॉनच्या जाळीत मी एक टिलवा अडकलेला बघितला. आजोबांनी विळीने जाळी कापून त्याला सोडवले. तो जरा वेळ बसला आणि मग उडाला. पण दर वेळी तिथे आजोबा नसतात.

खाडीवर भराव पडला की पक्षी कुठे जातात? ते दुसरी जागा शोधतात. पण किनारा सगळीकडे भरत आला तर दुसरी जागा उरत नाही. मे २०२४ मध्ये मुंबईत घाटकोपरला रोहितांच्या थव्याला विमानाची धडक बसली आणि ३० हून जास्त रोहित एका रात्रीत मेले. ते पक्षी एवढ्या लांबून आले होते आणि शेवटी शहरावर उडताना गेले. ही बातमी गुरुजींनी वाचून दाखवली तेव्हा आम्हांला फार वाईट वाटले.

म्हणून आमच्या वर्गाची आईबाबांना विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत वळणावरच्या डबराचा विषय काढा. नवीन माती पडू देऊ नका. तुटलेली जाळी बांधाखाली टाकू नका, घरी आणा, आम्ही मुले ती गोळा करू. शाळेत त्यासाठी एक गोणी ठेवली आहे, ती दाराच्या डाव्या बाजूला आहे.

आणि बालमित्रांनो, येत्या अष्टमीला सुट्टी असेल तर दुपारी दोन वाजता उघाडीजवळ या. वही आणि पेन्सिल आणा. कुत्रा आणू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी